थंडीचं ताट आपलं, बाटली कुणाची?

मार्गशीर्ष निम्मा सरला की वसमत भागात दोनच गोष्टींची चर्चा असते. पूर्णेच्या कालव्याची पाळी कधी सुटणार आणि हुरडा कधी धरणार. शहरांत मात्र गेल्या काही वर्षांपासून याच दिवसांत तिसरी चर्चा रंगू लागली आहे. थंडीच्या जेवणाबरोबर वाइन कोणती घ्यावी? बाजरीच्या भाकरीला पांढरी चालते की तांबडी? भरताबरोबर काय आणि मटणाच्या रश्श्याबरोबर काय? पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत यावर रकानेच्या रकाने येतात. हॉटेलवाले खास ताटं मांडतात. नाशिककडचे वाइनवाले द्राक्षकाढणीच्या हंगामात पाहुणे बोलावून त्यांना जेवणासह चव घ्यायला लावतात.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या भावाचं बोला, वाइनचं काय घेऊन बसलात! पण संबंध आहे. त्या ताटातले जिन्नस बघा. ज्वारी, बाजरी, तूर, तीळ, शेंगदाणा, हरभरा, वांगी, लसूण, हळद. यातला बराचसा माल मराठवाड्याच्या काळ्या रानात पिकतो. म्हणजे ताट आपलं आणि बाटली नाशिकची. या दोहोंची जोडी लावून पैसा कमावणारा मात्र तिसराच. शिवाय बाटलीचं धोरण जेव्हा जेव्हा बदलतं, तेव्हा ते 'शेतकऱ्याच्या भल्यासाठी' असतं. त्या शेतकऱ्यात वसमतचा शेतकरी कुठं बसतो, हे एकदा नीट तपासून पाहिलं पाहिजे.

आधी ही जोडी लावतात म्हणजे नेमकं काय करतात, ते समजून घेऊ. त्यात काही मोठी विद्या नाही. जिभेचा साधा हिशोब आहे.

वाइन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. रसातल्या साखरेचा मद्यार्क होतो आणि आंबटपणा शिल्लक राहतो. तांबड्या वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचा आणि बियांचा तुरटपणा उतरतो, पांढरीत तो जवळपास नसतो. आता जेवणात तेल-तूप जास्त असेल तर आंबट पेय तोंड साफ करतं. मटणासारखा जड पदार्थ असेल तर तुरटपणा त्याला पेलतो. गोडाबरोबर घ्यायची वाइन त्या गोडापेक्षा गोड असावी लागते, नाहीतर ती निव्वळ आंबट लागते. आणि तिखट असेल तर? इथंच सगळी पंचाईत आहे. मद्यार्कानं मिरचीची आग वाढते, तुरटपणानं ती आणखी झोंबते. म्हणून झणझणीत काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर कडक तांबडी वाइन ओतणं म्हणजे आगीत रॉकेल. जाणकार अशा वेळी थोडी गोडसर, थंड केलेली पांढरी वाइन सुचवतात. नाशिकला शेनिन ब्लाँ नावाच्या द्राक्षाची अशी वाइन होते.

या हिशोबानं आपल्या थंडीच्या ताटाची जोडी लावायची झाली तर ती अशी लागेल. हुरडा कोवळा, गोडसर, हिरव्या चवीचा. त्याच्याबरोबर लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि दही. याला सोविन्यॉ ब्लाँची हिरवट-आंबट पांढरी वाइन जुळते. वांगं निखाऱ्यावर भाजलेलं असतं, भरताला धुराचा वास असतो, वर कच्च्या तेलाची धार. त्यालाही हीच किंवा फिकट गुलाबी वाइन चालते. कंदुरीच्या मटणाला शिराझची तांबडी चालेल, पण मिरची निम्म्यानं कमी करावी लागेल. आणि मिरची कमी केली तर ती कंदुरी कसली? भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी यांत लोणी असतं, म्हणून थोडी भारी पांढरी. तिळगुळाला उशिरा तोडलेल्या, वेलीवरच सुकत आलेल्या द्राक्षांची गोड वाइन. पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर थंड करून द्यावी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्या शिवारात जानेवारीच्या पहाटे त्यासाठी फ्रिजची गरज पडणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे.

पण गंमत पुढंच आहे. हे सगळं वाचताना मराठवाड्यातल्या कुठल्याही जाणत्या बाईला वाटेल, की यात नवीन काय? आंबटानं तोंड साफ करायचं आणि तिखटाची आग शमवायची, ही कामं आपल्याकडं ताक आणि आंबील करतात. खाली लातूर-धाराशिवकडं आणि नांदेडच्या काही भागांत येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, अख्खं गाव शेतात जेवायला जातं. तिथं भज्जी, उंडे, भाकरी आणि माठात आंबवलेली ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील असते. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, मिरची, लसूण असं सगळं असतं. तिच्यावर आंबील अशी बसते, की दुसरं काही सुचू नये. यामागं कारणही आहे. मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात विरघळत नाही. दुधा-ताकातली प्रथिनं त्याला धरून घेतात आणि जिभेवरून काढून नेतात. पाणी पिऊन तिखट उतरत नाही, ताकानं उतरतं, हे पोराटोरांनाही माहीत असतं. तेव्हा थंडीच्या जेवणाला आंबवलेल्या पेयाची जोडी ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. फक्त आपल्या माठावर कुणी लेबल लावलं नाही आणि त्याचं धोरणही कुणी आखलं नाही.

धोरण आखलं गेलं ते द्राक्षाचं. तो इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण त्यातच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा धंदा पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात उभा केला. फ्रान्सच्या धर्तीवरची फेसाळ वाइन करून ती परदेशात विकली. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला सुरू केली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं. वाइनला उत्पादन शुल्कात माफी दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. हेतू असा सांगितला, की खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळावं. ऐकायला सरळ वाटतं. पण वाइनचं द्राक्ष वेगळं आणि खाण्याचं वेगळं. आपण बाजारात घेतो ते थॉमसन सीडलेस किंवा त्याच्या भावकीतलं. चांगल्या वाइनसाठी लागतात त्या शिराझ, कॅबरने, शेनिन, सोविन्यॉ अशा जाती. त्यांचे मणी लहान, बिया असलेले, टेबलावर कुणी खाणार नाही असे. म्हणजे वाइनसाठी बाग लावली की त्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक एकच, कारखाना. उसासारखंच झालं म्हणा. फरक इतकाच, की उसाला कायद्यानं ठरलेला भाव तरी आहे.

त्याचा फटका बसायला वेळ लागला नाही. २००८ च्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, जगभर मंदी आली, हॉटेलं ओस पडली. वाइन पडून राहिली. नारायणगावचा मोठा उद्योग कर्जात बुडाला. नाशिक भागात करारावर बागा लावलेल्या शेतकऱ्यांची द्राक्षं उचलायला कुणी येईना. अनेकांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या किंवा त्यांच्यावर खाण्याच्या जातीची कलमं केली. पुढे सरकारनं वाइनवरच्या २० टक्के विक्रीकरातले १६ टक्के उत्पादकांना परत देण्याची योजना चालवली. मध्यंतरी ती थांबली, २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. धंदा सावरला, नाशिकचं नाव झालं, 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. नाशिकच्या शेतकऱ्यानं हे मेहनतीनं मिळवलं, त्याबद्दल असूया बाळगायचं कारण नाही.

मग आला २७ जानेवारी २०२२ चा मंत्रिमंडळाचा निर्णय. १,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये आणि किराणा दुकानांत वेगळं कपाट ठेवून वाइन विकायला परवानगी. शाळा आणि देवस्थानांजवळची दुकानं तसेच दारूबंदी असलेले जिल्हे वगळले होते. समर्थनाला दोन वाक्यं होती. एक, यानं शेतकऱ्याचं भलं होईल. दोन, वाइन म्हणजे दारू नव्हे. विरोधी पक्ष तुटून पडला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारनं लोकांच्या हरकती मागवायचं ठरवलं आणि निर्णय अडकला तो अडकलाच. त्याच वर्षी सरकार बदललं. विरोधात होते ते सत्तेत आले, सत्तेत होते ते विरोधात गेले. कपाट काही किराणा दुकानात आलं नाही.

त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी आवाज खूप झाला, आकडेमोड कुणी केली नाही. आपण करू.

'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य घ्या. वाइनमध्ये मद्यार्क साधारण १२ ते १४ टक्के असतो, देशी-विदेशी दारूत ४२ टक्क्यांच्या आसपास. टक्केवारी ऐकून वाइन सौम्य वाटते. पण ७५० मिलिलिटरच्या वाइनच्या बाटलीत १३ टक्के धरले तर ९७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क भरतो. १८० मिलिलिटरच्या देशीच्या बाटलीत तो ७७ च्या आसपास असतो. म्हणजे पूर्ण बाटली रिचवणाऱ्यानं देशीच्या एका क्वार्टरपेक्षा जास्तच मद्यार्क पोटात घातला. जेवताना एक पेला घेतला तर गोष्ट वेगळी, हे खरं. पण ती गोष्ट पिणाऱ्याच्या सवयीची आहे, पेयाच्या जातीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण प्रकृतीला सुरक्षित म्हणता येणार नाही. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्य १९८८ पासून आहे, मग ते द्राक्षाचं असो की मळीचं.

आता दुसरं वाक्य, शेतकऱ्याचं भलं. एक बाटली वाइन करायला सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष लागतं. बाटली विकली जाते शेकड्यांनी रुपयांना. उरलेला पैसा काच, बूच, साठवण, जाहिरात, कर, वाहतूक आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो. हे गैर आहे असं नाही, प्रक्रिया उद्योग असाच चालतो. पण त्यातला शेतकरी हा नाशिक-सांगली-पुण्याकडचा, ठिबक असलेला, करार करू शकणारा बागायतदार आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा त्यात एक मणीसुद्धा नाही. मराठवाड्यात द्राक्ष नाही असं नव्हे. जालन्याकडचं कडवंची आहे, लातूर-धाराशिवकडं बागा आहेत, पण तो सगळा मुख्यतः खाण्याच्या द्राक्षाचा मामला. तेव्हा 'शेतकऱ्यासाठी' हा शब्द वापरताना जिल्ह्याचं नावही घेत जावं, म्हणजे घोळ होणार नाही.

आपल्याकडची बाटली वेगळीच

वसमत तालुक्यात जी बाटली घराघराचा हिशोब बिघडवते, ती वाइनची नाही. ती देशीची आहे आणि काही ठिकाणी हातभट्टीची. आणि तिचीही थंडीशी जोडी लावली जाते, हे ध्यानात घ्या. शहरातला माणूस हुरड्याबरोबर पांढरी वाइन शोधतो. आपल्याकडं रात्रपाळीचं पाणी द्यायला निघालेला गडी 'थंडी मारायला' म्हणून खिशात क्वार्टर घालतो.

शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, हा प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे. जिथं सौर प्रकल्पांवरून दिवसा पुरवठा सुरू झाला किंवा स्वतःचा सौरपंप बसला, तिथं सुटका झाली. बाकीच्यांना पौषातल्या मध्यरात्री गव्हात, हरभऱ्यात, हळदीत पाणी फिरवत उभं राहावं लागतं. पाय गुडघ्यापर्यंत ओले, अंगावर घोंगडं, हातात बॅटरी, मनात विंचू-सापाची भीती. अशा माणसाला पिऊ नको म्हणून घरी बसून उपदेश करणं सोपं आहे. पण एक गोष्ट त्याला सांगितलीच पाहिजे, कारण ती जिवाशी आहे. दारूनं ऊब येत नाही. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, आतलं गरम रक्त वर येतं, म्हणून तोंड आणि हात गरम लागतात. पण त्याच वाटेनं अंगातली उष्णता बाहेर निघून जाते आणि आतून शरीर थंड पडत जातं. शिवाय थंडी वाजून कुडकुडणं ही शरीराची स्वतःची शेकोटी असते, तीही दारूनं मंदावते. ओल्या अंगानं, उपाशीपोटी पिऊन बांधावर झोपणारा माणूस म्हणूनच धोक्यात असतो. त्याला क्वार्टरपेक्षा गूळ-शेंगदाणे, गरम शेंगोळे आणि कोरडे मोजे जास्त उपयोगी पडतील. आणि खरा इलाज तर बाटलीशी संबंधितच नाही. तो आहे दिवसाची वीज.

हळदीच्या काढणीचे महिने असेच. जानेवारीपासून शिवारात हळद खणायला, शिजवायला टोळ्या येतात. कुकरच्या वाफेनं सगळं रान दरवळतं. हातात रोख पैसा खेळतो. त्याच आठवड्यात देशीच्या दुकानासमोर गर्दी का वाढते, हे सांगायला समिती नेमायची गरज नाही. ज्या घरात बाई दिवसभर हळदीचे गड्डे मोडते आणि रात्री नवऱ्याच्या खिशातल्या उरलेल्या नोटा मोजते, तिला वाइन दारू आहे की नाही या वादात रस नाही. तिच्यासाठी एक हक्क मात्र कागदावर आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी सहीनिशी मागणी केली, तर दारू दुकानाबाबत गुप्त मतदान घ्यावं लागतं आणि निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. राज्यात २००८ पासूनच्या नियमात हे आहे. अट अवघड आहे, कारण निम्म्या हव्यात त्या मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण महिलांपैकी. ऊसतोडीला गेलेल्या बायका यादीत असतात आणि गावात नसतात. तेव्हा हे मतदान कोणत्या महिन्यात मागायचं, याचाही विचार करायला हवा.

सरकारचं गणित काय आहे, तेही बघा. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क वाढवलं. विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं, देशीवरचंही वाढवलं. त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगितला. १८० मिलिलिटर देशीची किमान किंमत ८० रुपये झाली. बिअर आणि वाइनला या वाढीतून वगळलं. आणि एक नवा प्रकार काढला, 'महाराष्ट्र मेड लिकर'. राज्यातल्याच उत्पादकांनी धान्यापासून करायची दारू, किमान किंमत १४८ रुपये.

धान्यापासून! इथं कान टवकारले पाहिजेत. कारण ही गोष्ट आपण आधी एकदा ऐकलेली आहे. २००७ मध्ये राज्य सरकारनं ज्वारी, बाजरी, मका अशा धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागं १० रुपये अनुदान देण्याचं धोरण आणलं होतं. तेव्हाही कारण शेतकऱ्याचं होतं. खरिपाची ज्वारी पावसात काळी पडते, तिला कुणी विचारत नाही, कारखाने ती घेतील आणि कोरडवाहू शेतकरी तरेल. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला. अन्नाची दारू करायला सरकारनं पैसा का द्यावा, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे अनुदानाची ती वाट बंद झाली. त्या काळ्या ज्वारीचं काय झालं? काही नाही. खरिपाची ज्वारीच आपल्या भागातून हटली, तिच्या जागी सोयाबीन आलं. ज्याच्या नावानं धोरण आलं, ते पीकच शिवारात उरलं नाही. आता नव्या धान्यदारूसाठी कारखाने धान्य घेतील, तेव्हा ते कोणतं, कुठून आणि कोणत्या भावानं, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी विचारायला हवं. तुकडा तांदूळ आणि मका बाहेरून स्वस्त मिळत असताना कुणी वसमतच्या ज्वारीसाठी थांबेल, या भ्रमात राहण्यात अर्थ नाही.

ताटाचा भाव

तेव्हा पुन्हा ताटाकडं येऊ. आपली वाटणी असेल तर ती ताटात आहे.

केंद्रानं २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये ठरवली. किलोला साडेसदतीस रुपये. कोरडवाहू रब्बी ज्वारीचं उत्पन्न काय निघतं, हे तुम्हाला सांगायला नको. कडब्याचे पैसे धरले तरच ते पीक परवडतं. तीच ज्वारी दाणा पक्का व्हायच्या आधी, हुरड्यात विकली तर हिशोब पार बदलतो. शहरांलगतच्या मळ्यांवर हुरड्याच्या जेवणाचे माणशी काही शे रुपये घेतात आणि लोक आनंदानं देतात. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या बाजूंना हा धंदा चांगला बसला आहे. वसमतला एवढं मोठं शहर जवळ नाही, ही अडचण खरी. पण नांदेड आहे, परभणी आहे, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर वसमतचं स्टेशन आहे आणि औंढा नागनाथला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला बारमाही माणूस येतो. दर्शनाहून परतणाऱ्या गाड्या आज रस्त्याकडेच्या ढाब्यावर पनीर खाऊन जातात. हुरडा, भरीत, ज्वारीची भाकरी आणि माठातली आंबील त्यांना मिळत नाही. मागितली तरी मिळत नाही, ही आपली करामत.

हुरड्यासाठी खास वाणही आता आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी वसंत', राहुरीचं 'फुले मधुर'. जुनी गूळभेंडी आणि सुरती आहेतच. यांचे दाणे कणसातून सहज सुटतात आणि जास्त दिवस कोवळे राहतात. आठ-आठ दिवसांच्या अंतरानं थोडं थोडं पेरलं तर हुरडा एकदम धरत नाही, महिना-सव्वा महिना पुरतो. पाखरं राखावी लागतात, भाजणारा हात जाणता लागतो, हे सगळं आहे. पण ते शिकायला वाइनरीसारखं कोट्यवधींचं भांडवल लागत नाही. बचत गटाच्या दहा बायका आणि एक आगटी पुरते.

दुसरी गोष्ट हळदीची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला हळद संशोधन केंद्रही मंजूर झालं आहे. शहरातल्या ज्या ताटाबरोबर वाइनची जोडी लावतात, त्या ताटात हळद असतेच. पण वाइनच्या बाटलीवर नाशिकचं नाव मोठ्या अक्षरात आणि हळद मात्र कुठल्या गावची, याचा पत्ता नाही. मानांकनाचा शिक्का वापरायचा तर शेतकऱ्याला किंवा गटाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती ज्यानं केली नाही, त्याची हळद पोत्यातून निघून दुसऱ्याच्या पुडीत जाते आणि मानांकन भिंतीवरच्या चौकटीत राहतं. नाशिकच्या वाइनवाल्यांकडून शिकायचंच असेल तर पिणं शिकू नये, हे लेबल लावणं शिकावं. द्राक्ष कोणत्या गावचं, कोणत्या वर्षाचं, कुणी केलं आणि कशाबरोबर खावं, हे ते बाटलीवर छापतात आणि त्याचे पैसे घेतात. हळदीच्या पुडीवर 'वसमत, यंदाचं पीक' एवढं छापायला कुणी अडवलेलं नाही.

किराणा दुकानात वाइनचं कपाट येवो न येवो, तो प्रश्न पुन्हा कधीतरी डोकं वर काढील. शुल्काचा महसूल हवाच असतो, सरकार कुणाचंही असो. त्या वेळी हिंगोली जिल्ह्यातून जे निवेदन जाईल, त्यात वाइन दारू आहे की नाही यावर शाई खर्च करू नका. ती दारू आहे, मद्यार्काचा हिशोब वर दिलाच आहे. निवेदनात एवढंच विचारा: द्राक्षाच्या बाटलीला कराचा परतावा मिळतो, तर ज्वारीच्या ताटाला काय? आंबील आणि हुरडा विकणाऱ्या गटाला यात्रेच्या रस्त्यावर एक पक्का गाळा, दुपारच्या वेळची वीज आणि हळदीच्या नोंदणीसाठी तालुक्याला एक खिडकी. संक्रांतीच्या आत ग्रामसभेत ठराव घेता येईल. कालव्याची पाळी चालू असताना सभेला माणूस येत नाही, म्हणून तारीख तेवढी पाळी बघून धरा.